मनगटाच्या फ्रॅक्चरपासून दळणाच्या डब्यापर्यंत : साठीनंतर ताकद कमावण्याचे एक वर्ष

गेल्या वर्षी ९ जानेवारीला, मंगळवारी सकाळी, अंगणातल्या ओल्या शहाबादी फरशीवर पाय घसरून मी पडले आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. तेव्हा माझे वय ६३ होते. त्या दिवसापासून यंदाच्या मार्चमधल्या फेरतपासणीपर्यंत काय काय करावे लागले, कुठे थांबावे लागले आणि किती खर्च आला, हे क्रमाने लिहून ठेवत आहे. माझ्या वयाच्या ज्या बायका अशा प्रसंगातून जात असतील, त्यांना पुढची पायरी कोणती हे आधी कळावे, एवढाच हेतू आहे.

सातारा हे चढउताराचे गाव आहे. मंगळवार पेठेतून राजवाड्याला जाऊन भाजी घेऊन परत यायचे म्हटले, तरी पायांना काम पडते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रोज सकाळी तासभर फिरत होते आणि आठवड्यातून तीन दिवस देवळाच्या सभागृहात योगवर्गाला जात होते. त्यामुळे आपली हाडे ठिसूळ झाली असतील, अशी शंकाही मला कधी आली नव्हती. शस्त्रक्रियेच्या आधी अस्थिरोगतज्ज्ञांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. मासिक पाळी कोणत्या वर्षी थांबली आणि आईवडिलांपैकी कोणाचे खुब्याचे हाड मोडले होते का. पाळी सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबली होती आणि आईचा खुबा मोडला होता. डॉक्टर म्हणाले, "उभ्या उभ्या पडून मनगट मोडले, याचा अर्थ हाडाची घनता तपासावीच लागेल. आधी हात बसवू, मग त्याचे बघू." घनतेबद्दलचे हे वाक्य अनेकांच्या बाबतीत बोललेच जात नाही, प्लॅस्टर निघाले की रुग्ण घरी जातो. म्हणून पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडले असेल, तर घनता तपासायची का, हे आपण होऊन डॉक्टरांना विचारावे.

११ जानेवारीला प्लेट बसवली आणि १२ तारखेला घरी सोडले. संक्रांतीला गळ्यात अडकवलेला हात घेऊन मी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सामोरी गेले, तेव्हा जवळजवळ प्रत्येकीने "आता जपून, वय झालं, फार हालचाल करू नका" असेच सांगितले. त्यांच्या बोलण्यात माया होती. पण त्या आठवड्यात माझ्या मनात जी भीती बसली, ती या वाक्यांनी अधिकच घट्ट झाली. अंगणात जाताना मी भिंतीला धरू लागले आणि घराच्या दोन पायऱ्या उतरतानाही यजमानांचा हात लागू लागला.

रुग्णालयाचे बिल ७८,४०० रुपये झाले. तिथे आमच्या आरोग्यविमा कंपनीची कॅशलेस सोय नव्हती, त्यामुळे आधी पैसे भरून नंतर दावा करावा लागला. माझ्या पॉलिसीप्रमाणे डिस्चार्जपासून ३० दिवसांच्या आत कागद पोहोचणे आवश्यक होते. क्लेम फॉर्मचा भाग अ आपण भरायचा आणि भाग ब रुग्णालयाने भरून शिक्का मारायचा असतो. त्याला डिस्चार्ज कार्ड, सर्व बिलांच्या मूळ प्रती, औषधांच्या चिठ्ठ्या, अपघात कसा झाला याचे स्वतःच्या सहीचे निवेदन, रद्द केलेला धनादेश, आधार व पॅनच्या प्रती, आणि प्लेटच्या बिलासोबत तिच्या खोक्यावरचे स्टिकर जोडावे लागते. हे स्टिकर डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्यावे, कारण नंतर ते शोधायला रुग्णालयात कोणाला सवड नसते. मी ६ फेब्रुवारीला कागद पाठवले. तीन आठवड्यांनी पत्र आले की एक्स-रेच्या फिल्म जोडलेल्या नाहीत. आम्हाला तर एक्स-रे मोबाइलवरच पाठवलेले होते. पुन्हा जाऊन त्यांची सीडी करून घेतली. १८ मार्चला ६९,१५० रुपये खात्यात जमा झाले. हातमोजे, कापूस, नोंदणी शुल्क अशा बाबींचे पैसे कापले जातात, ते धरूनच चालावे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फिजिओथेरपी सुरू झाली. एका वेळेचे ३५० रुपये. फिजिओथेरपिस्ट मुलगी आमच्याच शाळेत शिकलेली, त्यामुळे ती मला "बाई" म्हणते. पहिले काही दिवस मनगट वर-खाली करणे, गरम पाण्यात बोटे मिटणे-उघडणे, ओला पंचा पिळणे असेच चालले. कळ जबरदस्त यायची, पण ती येणार हे तिने आधीच सांगितले होते, म्हणून सोसली. मग एके दिवशी तिने मुठीत धरून दाबायचे एक यंत्र आणले आणि माझ्या उजव्या, म्हणजे न मोडलेल्या हाताची पकड मोजली. काटा १६ किलोवर थांबला. स्नायूंच्या झिजेबद्दल आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये जे निकष ठरवले, त्यांत बायकांची पकड १८ किलोपेक्षा कमी आणि पुरुषांची २८ किलोपेक्षा कमी असेल तर ती कमजोर धरतात. नंतर तिने हात छातीवर बांधून मला खुर्चीवरून ३० सेकंदांत जमेल तितक्या वेळा पूर्ण उठून बसायला सांगितले. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला किमान १२ वेळा जमायला हवे. मला ९ वेळा जमले आणि शेवटच्या वेळी मांड्या थरथरू लागल्या.

"बाई, डावा हात मी तुम्हाला दोन महिन्यांत ठीक करून देते," ती म्हणाली, "पण मला काळजी तुमच्या उजव्या हाताची आणि मांड्यांची वाटते. तुम्ही पुन्हा पडलात, तर या मांड्या तुम्हाला सावरणार नाहीत."

मी तिला म्हटले की मी तर रोज चालते. तिने समजावून सांगितले ते असे. चालण्याने हृदय आणि दम चांगला राहतो, पण स्नायूला त्याच्या सवयीपेक्षा जास्त भार मिळाला तरच तो वाढतो, आणि हाडाचेही बरेचसे तसेच असते. सपाट रस्त्यावर तेच अंतर त्याच गतीने वर्षानुवर्षे चालत राहिले, तर शरीराला नवे काही करावेच लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबरच किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगितले आहेत, आणि पासष्टीच्या पुढे किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही. या सगळ्यातले पहिले कलम तेवढे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे.

हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी मुलीच्या सोयीने पुण्यात केली. २७ फेब्रुवारीला सकाळच्या एसटीने गेले. महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे प्रवासाचा खर्च फारसा आला नाही, आणि तपासणीला २,८०० रुपये लागले. त्या दिवशी सकाळी कॅल्शियमची गोळी घ्यायची नसते आणि अंगावर धातूचे काही नसावे. पंधरा-वीस मिनिटे आडवे पडून राहायचे, दुखत वगैरे काही नाही. मोफत शिबिरांतून टाचेवर जे यंत्र लावतात ते ध्वनिलहरींचे असते. त्यावरून अंदाज येतो, पण निदान करायचे ते कंबरेचे मणके आणि खुबा यांच्या डेक्सावरूनच. अहवालात टी-स्कोअर नावाचा आकडा असतो. उणे १ पर्यंत हाड ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान विरळ आणि उणे २.५ किंवा त्याखाली ठिसूळ. माझा मणक्यांचा उणे २.७ आणि खुब्याचा उणे २.३ आला. परतीच्या एसटीत तो कागद मांडीवर ठेवून मी खंबाटकीचा घाट ओलांडेपर्यंत नुसती बसून होते. आईचे अंथरुणाला खिळलेले शेवटचे महिने डोळ्यांपुढून हलत नव्हते.

औषधे मार्चमध्ये सुरू झाली. त्याआधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचे रक्त तपासले आणि दंतवैद्याकडे जाऊन दात पाहून घेतले, कारण ही औषधे चालू असताना दात काढण्याची वेळ येऊ नये हे बरे. ड जीवनसत्त्व फारच कमी होते, म्हणून डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची पुडी आठ आठवडे दिली. हाडांसाठीची ॲलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, उठल्याबरोबर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते, आणि त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नसते, काही खायचे नसते, चहाही घ्यायचा नसतो. मी रविवार ठरवला आहे. त्या अर्ध्या तासात झाडांना पाणी घालून होते.

डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांतला खर्च माझ्या पॉलिसीत बसत होता आणि त्याचा दावा ती मुदत संपल्यावर १५ दिवसांत करायचा होता. फिजिओथेरपीचे पैसे मिळाले, मात्र डेक्साचा खर्च "दाखल होण्याच्या कारणाशी संबंधित नाही" म्हणून नाकारला गेला. मी शल्यचिकित्सकांकडून एक पत्र घेतले. मनगटाचे हाड ठिसूळपणामुळे मोडल्याचा संशय असल्याने त्याच उपचाराचा भाग म्हणून ही तपासणी सांगितली होती, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. ते पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्जासोबत पाठवले आणि मे महिन्यात पैसे जमा झाले. रक्कम लहान होती, पण वाक्यरचना महत्त्वाची ठरली. तपासणी लिहून घेतानाच डॉक्टरांना चिठ्ठीवर कारण लिहायला सांगावे, म्हणजे हा खटाटोप टळतो.

मार्चपासून घरचे व्यायाम सुरू झाले. खुर्चीवरून उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीला हात टेकून जोर, रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून मागे ओढणे आणि भांडी निथळत असताना एका पायावर उभे राहणे. फिजिओथेरपिस्टचा एकच नियम होता : शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्याच पाहिजेत, सगळे सहज होऊ लागले की भार वाढवायचा. या वयात हे कितपत शक्य आहे, असे मी तिला विचारले, तेव्हा तिने मला १९९० साली प्रसिद्ध झालेल्या, बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या प्रयोगाबद्दल सांगितले. ८६ ते ९६ वयाच्या रहिवाशांकडून आठ आठवडे मांड्यांचा जड वजनाचा व्यायाम करून घेतला होता, आणि त्यांची मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. त्या दिवशी प्रथमच मला माझे ६३ हे वय कमी वाटले.

एप्रिलमध्ये तिने जमिनीवरून उठणे शिकवले. मला ही सर्वांत उपयोगाची गोष्ट वाटते, म्हणून सविस्तर लिहिते. जवळ एक भक्कम स्टूल ठेवायचे आणि सतरंजीवर बसायचे. प्रथम कुशीवर वळायचे, कोपर आणि तळहातावर भार घेऊन हात-गुडघ्यांवर यायचे, रांगत स्टुलापर्यंत जायचे, दोन्ही तळहात त्यावर ठेवायचे, मग ज्या पायात जास्त बळ आहे तो पुढे रोवून, त्याच्यावर भार टाकून उठायचे. पहिल्या दिवशी हात-गुडघ्यांवर आल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण डाव्या मनगटावर भार टाकायचे धाडस होईना. तिने मूठ वळून मुठीवर टेकायला सांगितले आणि ते जमले. पडण्याची जी भीती मला जानेवारीपासून होती, ती बरीचशी पडल्यावर उठता येणार नाही याची होती. उठता येऊ लागल्यावर मी अंगणात भिंतीला न धरता जाऊ लागले.

योगवर्गाच्या गुरुजींनाही अहवाल दाखवला. मणके ठिसूळ असताना कंबरेतून पुढे वाकून पाठीला बाक देणारी आसने टाळावी लागतात. त्यामुळे पश्चिमोत्तानासन बंद झाले आणि सूर्यनमस्कारातले पुढे वाकणे मी पाठ सरळ ठेवून, गुडघे वाकवून करते. गुरुजींनी ते विनातक्रार मान्य केले आणि वर्गातल्या इतर दोघीजणींनाही तपासणी करून घ्यायला सांगितले.

जूनमध्ये एक्स-रे पाहून शल्यचिकित्सकांनी वजन उचलायला परवानगी दिली. पहिल्या जिममध्ये साठीच्या पुढच्यांना प्रवेश नाही असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी अर्जातल्या आरोग्याच्या रकान्यात हाडांचा आजार वाचून डॉक्टरांचे पत्र मागितले. नुसते "तंदुरुस्त आहे" असे पत्र उपयोगाचे नाही. काय करू द्यावे आणि काय टाळावे हे त्यात लिहून घ्यावे. माझ्या पत्रात पाठ सरळ ठेवून वजन उचलणे चालेल, पोटासाठी आडवे पडून कंबरेतून उठणे आणि झटका देऊन कंबर वळवणे नको, असे होते. महिन्याची फी ९०० रुपये, आणि पहिले दोन महिने प्रशिक्षकाकडून वेगळे शिकण्याचे आणखी १,५०० रुपये महिना. हा खर्च मी न कुरकुरता केला, कारण वजन कसे धरावे हे चुकीचे शिकले तर पुढचे सगळेच बिघडते. दुपारी चार वाजता तिथे गर्दी नसते, हे लक्षात आल्यावर मी तीच वेळ धरली.

ज्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, त्या जिल्ह्यात ताकद कमावणे म्हणजे काय, हे कोणाला शिकवायला नको. आमच्या शेजारचे सत्तरीतले पैलवान काका अजूनही रोज बैठका मारतात. पण ही विद्या तालमीच्या उंबऱ्याआत, तरुण मुलांपुरती राहिली आणि तिची सर्वांत जास्त गरज असलेल्या म्हाताऱ्या बायकांपर्यंत ती आलीच नाही, याचे मला फार वाईट वाटते. काकांनीच मला बैठकीत टाच कशी टेकवायची आणि श्वास कधी सोडायचा ते दाखवले, अगदी मनापासून.

आहारात मोठी उलथापालथ केली नाही. माझे वजन ५४ किलो. म्हातारपणी स्नायू टिकवायला वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, असे आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले, म्हणजे दिवसाला साधारण ५५ ते ६५ ग्रॅम. चपाती-भाजी-भात एवढ्यात ती भरत नाहीत. म्हणून सकाळी दोन अंडी, दुपारी मटकी किंवा वाघ्या घेवड्याची उसळ, संध्याकाळी कुळथाचे पिठले आणि रात्री दूध, असे बसवले. उपासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी राजगिरा, शेंगदाणे आणि दही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

ऑगस्टमध्ये तापाने तीन आठवडे घरी बसले आणि परत गेले तेव्हा जुलैतले वजन हलेना. फार निराश वाटले. प्रशिक्षकाने निम्म्या वजनापासून सुरुवात करून घेतली आणि महिनाभरात पूर्वपदावर आले. नोव्हेंबरमध्ये अदालतवाड्याकडच्या रस्त्याने यजमानांबरोबर अजिंक्यताऱ्यावर गेले, मंगळाईचे दर्शन घेतले. चढणे दमाचे काम आहे आणि उतरणे मांड्यांचे. पूर्वी उतरताना गुडघे लटपटायचे, ते या वेळी झाले नाही. आणि डिसेंबरात गिरणीतून दहा किलोच्या दळणाचा डबा मी स्वतः घरी आणला. फेब्रुवारीत फिजिओथेरपिस्टने माझ्या वहीत लिहिलेले ध्येय तेच होते.

यंदा ४ मार्चला पुन्हा डेक्सा केली, त्याच केंद्रात, कारण यंत्र बदलले की आकड्यांची तुलना नीट होत नाही. मणक्यांचा उणे २.५ आणि खुब्याचा उणे २.२ आला. खुब्यातला फरक मोजण्यातल्या चुकीइतकाच आहे आणि मणक्यांतल्या सुधारणेचे श्रेय मुख्यतः औषधाला आहे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. व्यायामाचे खरे मोजमाप दुसरीकडे दिसले. उजव्या हाताची पकड २० किलो भरली आणि खुर्चीवरची उठबस १४ वर गेली. पुढची डेक्सा दोन वर्षांनी, आणि पाच वर्षे पूर्ण झाल्यावर गोळी चालू ठेवायची की थांबवायची याचा विचार होईल.

आता सोमवार आणि गुरुवार जिम, इतर दिवशी चालणे आणि योग, असे चालू आहे. मोरीत आधाराची दांडी बसवली, तिला ६५० रुपये आणि मजुरी लागली. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा लावतो आणि अंगणातल्या फरशीला टाकी लावून ती खडबडीत करून घेतली.

यंदा फेब्रुवारीत मी फिजिओथेरपिस्टला सासूबाईंसाठी घरी बोलावले. घरी येण्याचे ती ५०० रुपये घेते. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत, म्हणून खुर्चीऐवजी उंच पलंगाच्या कडेवरून सुरुवात केली. तिथून सहज उठता येऊ लागल्यावर खुर्ची आली. समोर जड टेबल असते, त्या त्याला नुसती बोटे लावतात. ज्यांना घरी हे सुरू करायचे असेल, त्यांनी हात असलेली, चाके नसलेली खुर्ची घ्यावी आणि तिची पाठ भिंतीला टेकवून ठेवावी, म्हणजे बसताना ती मागे सरकत नाही. पहिले काही दिवस कोणीतरी बाजूला उभे राहावे, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर उठल्यावर क्षणभर थांबून मगच पुन्हा बसावे.